स्वस्तातली जॉयस्टिक विमान उडवायला पुरते का? तीन महिन्यांचा अनुभव

वाताकुक्कुट | १३ सप्टेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर हा संगणकावर विमान उडवायचा खेळ मी वर्षभर आधी कीबोर्डवर आणि मग मुलाच्या गेमपॅडवर उडवत होतो. जूनमध्ये लॉजिटेकची एक्स्ट्रीम थ्रीडी प्रो घेतली. चार हजारांच्या आत बसली. तेव्हापासून आठवड्याला चार-पाच तास तरी हातात असते. इथे अधूनमधून कोणीतरी 'कोणती जॉयस्टिक घेऊ' म्हणून विचारतं आणि उत्तरांत पहिली गोष्ट येते ती बटणांची संख्या. मला वाटतं आपण चुकीच्या जागी बघतोय, म्हणून हा धागा.

बटणांचं आधी उरकतो. एकूण १२ आहेत, ६ दांड्यावर आणि ६ बुडाशी. अंगठ्याखाली आठ दिशांना ढकलता येणारं छोटं बटण, म्हणजे हॅट, आहे, त्यावर मी इकडेतिकडे बघणं ठेवलंय. ट्रिगरला ब्रेक, अंगठ्याच्या वरच्या दोन बटणांना ट्रिम (नाक हवं तिथे ठेवायला दांडा सतत धरून ठेवावा लागू नये म्हणून असलेली सोय). चाकं आणि फ्लॅप्स (पंखांच्या मागच्या, खाली येणाऱ्या झडपा) बुडाशी. छोट्या विमानाला एवढ्यात सगळं भागतं.

आता खरा मुद्दा. जॉयस्टिक चांगली की वाईट हे तिच्या मधोमधच्या वागण्यावर ठरतं. धावपट्टी समोर दिसतेय, उतरायला दोन मैल राहिलेत, अशा वेळी आपण दांडा कधीच पूर्ण डावीकडे किंवा उजवीकडे नेत नाही. एक-दोन अंश इकडे, एक-दोन अंश तिकडे, एवढाच खेळ असतो. आणि स्वस्त स्टिकची स्प्रिंग नेमकी तिथेच सगळ्यात हट्टी असते. मधून हलवायला थोडा जोर लावावा लागतो, आणि एकदा हलली की हवी त्याहून जास्त जाते. मग आपण उलट ओढतो, विमान झोकांड्या खातं, आणि वाटतं की आपल्याला उडवता येत नाही. मला पहिले दोन आठवडे तसंच वाटलं होतं.

लोक रिझोल्यूशनचे आकडे फेकतात. या स्टिकचे पुढे-मागे आणि डावे-उजवे हे दोन अक्ष १० बिटचे आहेत, म्हणजे १०२४ पायऱ्या. ट्विस्ट (दांडा पिळणं) आणि थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणं) ८ बिटचे, २५६ पायऱ्या. थ्रस्टमास्टरच्या टी.१६०००एम मध्ये मुख्य अक्षांना १४ बिट, म्हणजे १६,३८४. ऐकायला फरक प्रचंड आहे. पण हिशेब करून बघा: दांडा साधारण वीस अंश इकडे आणि वीस अंश तिकडे कलतो असं धरलं, तर १०२४ पायऱ्यांत एका अंशाला पंचवीसेक पायऱ्या आल्या. आपलं मनगट अंशाचा पंचविसावा भाग हलवू शकत नाही. आकडा आड येत नाही, आड येतो तो मधला अडखळा.

त्यावर जो उपाय मला लागू पडला तो सांगतो. गेमच्या कंट्रोल्समध्ये सेन्सिटिव्हिटीचं पान आहे. तिथे दोन्ही मुख्य अक्षांची सेन्सिटिव्हिटी उणे करत जा. मी उणे १० पासून सुरू केलं, आता उणे ३५ वर आहे. त्यामुळे मधला भाग मऊ होतो: दांडा बराच हलवला तरी विमान थोडंच हलतं. बदल्यात टोकाला सगळं झपाट्याने येतं, पण टोकाला आपण जातो कधी? डेडझोन मात्र जमेल तितका कमी ठेवा. मधे विमान थरथरतंय म्हणून डेडझोन वाढवत नेला, तर दांडा हलतोय पण काहीच होत नाही असा एक मेलेला पट्टा तयार होतो आणि उतरताना तोच घात करतो. माझा ३ टक्के आहे.

ट्विस्टबद्दल: दांडा स्वतःभोवती फिरवला की रडर, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणारं शेपटीचं पातं, हलतो, त्यासाठी वेगळे पेडल लागत नाहीत. नवख्या माणसाने ट्विस्ट नसलेली स्टिक घेऊच नये असं माझं ठाम मत आहे. बाजूच्या वाऱ्यात उतरताना नाक वाऱ्याकडे तिरकं धरून यायचं असतं आणि टेकण्याच्या क्षणी रडरने ते सरळ करायचं असतं. गेमपॅडवर हे मला वर्षभरात एकदाही नीट जमलं नव्हतं.

थ्रॉटल म्हणजे बुडाशी असलेली एक छोटी पट्टी. फिरते सहज, पण प्रवास तोकडा. सेसनासारख्या छोट्या विमानाला पुरते.

विचारा काय विचारायचं ते.

---

खिडकीचीसीट | १३ सप्टेंबर, रात्री ११:२५

फार उपयोगी लिहिलंय. माझा लॅपटॉप आठ वर्षं जुना आहे, त्यावर नवा सिम्युलेटर चालणारच नाही. आधी कॉम्प्युटर घ्यावा आणि मग स्टिक, की उलट?

---

वाताकुक्कुट | १४ सप्टेंबर, सकाळी ७:१०

उलट. स्टिक आधी घ्या. कॉम्प्युटर बदलला तरी ती राहते. आणि फ्लाइटगिअर हा सिम्युलेटर उतरवून घ्या, पूर्ण मोफत आहे, मुक्त स्रोत आहे, विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर चालतं. दृश्यं साधी आहेत पण त्यातलं सेसना १७२ शिकायला उत्तम. ग्राफिक्सच्या सेटिंग खाली आणल्या की जुन्या मशीनवरही निभावतं. जॉयस्टिकची मांडणी त्याच्या मेनूतूनच करता येते.

---

सोल्डरवाला | १४ सप्टेंबर, सकाळी ९:३२

मधोमधचा मुद्दा शंभर टक्के पटला. पण आज चांगली असलेली स्टिक दोन वर्षांनी कशी असेल हेही बघायला हवं.

स्वस्त जॉयस्टिकमध्ये पोटेन्शिओमीटर असतात. जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात असायचा तोच प्रकार. कार्बनचा एक पट्टा आणि त्यावर घासत फिरणारा एक संपर्क. रेडिओ जुना झाला की बटण फिरवताना खरखर यायची, आठवतंय? तीच खरखर जॉयस्टिकमध्ये उडी होऊन येते. हात स्थिर, आणि विमान अचानक एका बाजूला झटका खातं. सगळ्यात आधी मधला भाग झिजतो, कारण दांडा तिथूनच सर्वाधिक जातो-येतो. म्हणजे वाताकुक्कुट म्हणतात ती नाजूक जागा आणि झिजणारी जागा एकच.

हॉल सेन्सरमध्ये लोहचुंबक आणि समोर चिप असते, दोघांचा एकमेकांना स्पर्शच नाही. एडविन हॉलने हा परिणाम १८७९ साली शोधला. घासणं नाही म्हणून झीज नाही. पण खोक्यावर 'हॉल' लिहिलेलं बघून भुलू नका, कोणत्या अक्षाला ते विचारा. टी.१६०००एम मध्ये दोन मुख्य अक्षांना हॉल आहे, ट्विस्टला आणि थ्रॉटलच्या पट्टीला पोटेन्शिओमीटरच.

माझ्याकडे आधी एक स्टिक होती (कंपनीचं नाव घेत नाही, या दरात कुठल्याही स्टिकचं हे होऊ शकतं). दीड वर्षात ट्विस्ट उड्या मारायला लागला. धावपट्टीवर धावताना विमान आपोआप गवतात. उघडली, कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, वीस-पंचवीस वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवला, तर वर्षभर पुन्हा ठणठणीत चालली. गंज काढायचा तेलकट फवारा आत मारू नका, त्यावर धूळ बसते आणि पट्टा आणखी लवकर जातो. उघडताना स्प्रिंग उडते, खाली जुनी चादर अंथरून बसा.

नवी स्टिक हातात आल्या दिवशी एक चाचणी करा. विंडोजमध्ये रनच्या चौकटीत जॉय डॉट सीपीएल लिहिलं की तपासणीची खिडकी उघडते. चौकोनात एक फुली दिसेल. दांडा अगदी सावकाश, दहा सेकंदांत एका टोकाहून दुसऱ्या टोकाला न्या. फुली मधे कुठे उडी घेते का बघा. मग चारही दिशांनी सोडून बघा, दर वेळी फुली त्याच जागी परत येते का? डावीकडून सोडल्यावर एका जागी आणि उजवीकडून सोडल्यावर दुसऱ्या जागी थांबत असेल आणि फरक डोळ्याला ठळक दिसत असेल, तर परतीची मुदत असेपर्यंत बदलून घ्या. कॅलिब्रेशनने (मध्य आणि टोकं पुन्हा ठरवून देण्याने) हा दोष जात नाही.

---

डावखुरी | १४ सप्टेंबर, दुपारी १:०५

ही स्टिक उजव्या हाताचीच आहे ना? चित्रात मूठ तशीच वळलेली दिसते. डाव्या हाताने मॅनेज होईल का?

---

वाताकुक्कुट | १४ सप्टेंबर, दुपारी २:२०

नाही होणार, मूठ आणि अंगठ्याची बटणं उजव्यासाठीच घडवलेली आहेत. तुम्ही टी.१६०००एम कडे वळा. तिची मूठ दोन्ही हातांसाठी आहे, सोबतचे भाग बदलून डाव्या हाताची करता येते. मी घेतली तेव्हा ती या स्टिकच्या दुपटीहून महाग पडत होती, पण तुमच्या बाबतीत तो खर्च योग्यच आहे.

शिवाय एअरबसमध्ये कॅप्टन डावीकडे बसतो आणि साइडस्टिक (बाजूचा दांडा) त्याच्या डाव्या हाताला असते, उजवा हात थ्रॉटलवर. म्हणजे ए३२० उडवताना तुमची बैठक आम्हा उजव्यांपेक्षा खऱ्याच्या जास्त जवळची.

---

उजवारडर | १४ सप्टेंबर, रात्री ९:४८

मी एका फ्लाइंग स्कूलमध्ये शिकते आहे, आत्तापर्यंत ७० तास झालेत, सगळे सेसना १७२ वर. सुट्टीत घरी येते तेव्हा भावाच्या जॉयस्टिकवर सराव करते. तुमचं लिखाण आवडलं, पण दोन ठिकाणी मी वेगळं सांगेन.

पहिलं ट्विस्ट. नसण्यापेक्षा असलेला बरा हे मान्य. पण मनगट फिरवताना दांडा नकळत बाजूला कलतो. उजवा रडर द्यायला जावं आणि उजवा पंखही खाली जातो. बाजूच्या वाऱ्यात उतरताना तर हात आणि पाय एकमेकांच्या उलट चालायला हवेत: पंख वाऱ्याच्या बाजूला किंचित खाली आणि रडर विरुद्ध बाजूला. एकाच मनगटाला दोन उलट कामं सांगणं अवघड आहे. भावाच्या स्टिकवर मी ट्विस्टचा डेडझोन ८ टक्के ठेवला, मुख्य अक्षांहून जास्त. त्यामुळे साध्या वळणात चुकून रडर लागत नाही. आणि टेक ऑफला पूर्ण पॉवर दिल्यावर नाक डावीकडे ओढतं, तेव्हा उजवा रडर द्यायची सवय ट्विस्टवरही नक्की लागते. आयडी तिथूनच घेतलाय, इन्स्ट्रक्टर दिवसभर हेच दोन शब्द ओरडत असतात.

दुसरं आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचं, ट्रिम. खऱ्या सेसनात वेग बदलला की योकवर (विमानाच्या सुकाणूवर) ताण येतो. तो ताण हाताने धरायचा, नाक हवं तिथे ठेवायचं, आणि मग ट्रिमचं चाक फिरवत ताण शून्यावर आणायचा. हात जिथे आहे तिथेच राहतो, फक्त त्यावरचा भार जातो. स्प्रिंगच्या स्टिकवर तसं होत नाही. तिचा मध्य कायम एकाच जागी असतो, म्हणून ट्रिम देत देत हात हळूहळू मध्याकडे परत न्यावा लागतो. हे कोणी सांगत नाही म्हणून नवे लोक ट्रिम देतात, दांडा तसाच धरून ठेवतात, नाक वर जातं, मग उलट ट्रिम देतात. दोन्ही कामं एकाच वेळी, अगदी सावकाश करायची. एकदा जमलं की हात सोडून चहा पिता येतो.

आणखी एक उणीव पैशांनीही सहजी भरून निघत नाही. वेग कमी झाला की खऱ्या विमानाचं योक ढिलं, सैल लागायला लागतं. हातालाच कळतं की आता जपा. स्प्रिंग १०० नॉट वेगाला आणि ५० नॉटला सारखीच. म्हणून स्टिकवर उडवताना वाऱ्याच्या आवाजाकडे आणि नाक क्षितिजाच्या किती वर आहे त्याकडे लक्ष ठेवा. डायलकडेच टक लावून बसायची सवय लागली तर पुढे ती मोडायला फार त्रास होतो. मला झाला.

---

वाताकुक्कुट | १४ सप्टेंबर, रात्री १०:३०

तीन महिने मी ट्रिम चुकीचा देत होतो हे आत्ता कळलं. मनापासून आभार. ट्विस्टचा डेडझोनही आजच बदलतो.

तुझं वाचून एक विचार आला. ए३२० उडवताना मला हीच स्टिक इतकी सहज का वाटते ते कळत नव्हतं. एअरबसची साइडस्टिक खऱ्या विमानातही स्प्रिंगचीच असते, हवेचा ताण हाताला लागतच नाही. आणि नेहमीच्या उड्डाणात ट्रिम संगणक स्वतः देतो. दांडा मधे सोडला की विमान आहे तो मार्ग धरून राहतं. म्हणजे चार हजारांची स्टिक दोनशे माणसांच्या विमानात जास्त खरी आणि चार सीटच्या सेसनात कमी खरी. बरोबर ना?

---

उजवारडर | १४ सप्टेंबर, रात्री १०:५१

अगदी बरोबर. म्हणून शिकायचं असेल तर सेसना घ्या. स्टिकवर ते अवघड आहे, पण हात त्यातच तयार होतो.

---

वास्कोकार | १५ सप्टेंबर, सकाळी ८:१५

लहानपणापासून दाबोळीवरून उडणारी नौदलाची विमानं बघत आलोय, मिग-२९के डोक्यावरून गेलं की अजून अंगणात धावत येतो. त्यामुळे माझी आवड लढाऊ विमानांची. डीसीएस वर्ल्ड हा लढाऊ विमानांचा सिम्युलेटर मूळ रूपात मोफत आहे, त्यात सुखोई-२५टी आणि टीएफ-५१डी ही दोन विमानं मिळतात. स्वस्त स्टिक घेणाऱ्याने ते जरूर बघावं.

पण बटणांचा मुद्दा तिथे पूर्ण सोडून देता येत नाही. रडार, शस्त्रं, फ्लेअर, एअरब्रेक, सगळं हात न उचलता लागतं. १२ बटणं कमीच पडतात. मी बुडाशी असलेलं एक बटण मॉडिफायर केलंय, ते दाबून धरलं की बाकीची सगळी बटणं दुसरं काम करतात. असं केलं की आकडा जवळजवळ दुप्पट होतो. हेलिकॉप्टरला मात्र मधे ओढणारी स्प्रिंग फार छळते, तिथे वर सांगितलेला ट्रिमचा त्रास चौपट.

---

अप्पा_मिरज | १५ सप्टेंबर, सकाळी ११:००

मी ६८ वर्षांचा. आमच्या काळी जॉयस्टिक साउंड कार्डाच्या १५ पिनांच्या पोर्टला लागायची आणि दर वेळी खेळ सुरू करताना कॅलिब्रेट करावी लागायची. ती केव्हाच गेली. आता पुन्हा हौस आली आहे.

कारण सांगतो. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले, एकट्याने, पस मॉथ या छोट्या विमानातून. भारतातलं पहिलं वैमानिक लायसन्सही त्यांचंच, १९२९ चं. येत्या १५ ऑक्टोबरला मला तो मार्ग घरी बसून उडवायचा आहे, अहमदाबाद ते जुहू तरी. कीबोर्डवर तो करावासा वाटत नाही. हाताने उडवायचा आहे.

अडचण अशी की उजव्या मनगटाला संधिवात आहे. ही स्प्रिंग फार कडक आहे का? आणि माझं टेबल उंच आहे.

---

वाताकुक्कुट | १५ सप्टेंबर, दुपारी १२:४०

अप्पा, स्प्रिंग कडक नाही, मध्यम आहे. तुमच्या मनगटाला त्रास झालाच तर तो टेबलाच्या उंचीने होईल. उंच टेबलावर स्टिक ठेवली की कोपर हवेत राहतं आणि सगळा भार मनगटावर येतो. मी माझी टेबलावरून उतरवली आणि खुर्चीसमोर, दोन गुडघ्यांच्या मधे, एका उंच चौरंगावर ठेवली. पुढचा हात मांडीवर टेकतो आणि दांडा फक्त बोटांनी हलतो. मूठ आवळायची नाही, तीन बोटांत धरायचा. बूड घसरू नये म्हणून खाली रबरी मॅटचा तुकडा घाला.

ट्विस्टने मनगट दुखलं तर गेममध्ये रडर आपोआप देण्याची सोय आहे, ती चालू करा. टेक ऑफ सरळ झाला म्हणजे झालं. पस मॉथचं बघतो कुठे मिळतं का, नाहीतर सेसनाने जाऊ. लांबचा पल्ला आहे, ट्रिम नीट शिकून घ्या म्हणजे हाताला आराम.

---

सोल्डरवाला | १५ सप्टेंबर, दुपारी १:१५

अप्पा, एक भर. यूएसबी हबला न लावता थेट कॉम्प्युटरच्या पोर्टला लावा. आणि खोकं आलं की आधी ती फुलीची चाचणी, मग उड्डाण.

---

अप्पा_मिरज | २६ सप्टेंबर, रात्री ८:२०

परवा आली. फुली चारही बाजूंनी सोडून पाहिली, एकाच जागी येते. चौरंग देवघरातला घेणार होतो, सौभाग्यवतींनी दुसरा काढून दिला.

आज जुहूच्या २६ नंबरच्या धावपट्टीवरून पश्चिमेला उडालो. चाकं जमिनीवरून सुटली की लगेच समुद्र. उजवीकडे वळून वर्सोव्याच्या बाजूने वर गेलो, परत आलो. पहिल्या दोन वेळा धावपट्टी चुकली, तिसऱ्यांदा बसलो. मनगट ठीक आहे. सेन्सिटिव्हिटी उणे ३५ माझ्या हाताला फार मऊ वाटली, उणे २० वर आणली.

उजवारडर, एक विचारतो. ट्रिम देताना नाक आधी किती वेळ हाताने स्थिर धरायचं?

---

उजवारडर | २६ सप्टेंबर, रात्री ९:०५

अप्पा, वेग बदलायचा पूर्ण थांबेपर्यंत. काटा स्थिर झाल्याशिवाय ट्रिमला हात लावायचा नाही. पाच-सहा सेकंद जातात, कधी जास्त. वेग बदलत असताना दिलेला ट्रिम पुन्हा द्यावा लागतो. १५ तारखेला मी घरीच आहे, अहमदाबादहून किती वाजता निघताय ते कळवा, मीही सोबत उडते.